सुनावणी आधी की निर्णय आधी?

(वरळी येथील एका बुद्धविहारात वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासाच्या दिवसांत विहारात बसून समुद्रातल्या रस्त्याविषयी आणि सरकारी अधिसूचनांविषयी बोलणे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. धम्मग्रंथाचे वाचन बाजूस ठेवून हा मनुष्य पुलाच्या खांबांमधील अंतराची कथा का सांगत बसला आहे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच होय. त्याचे उत्तर मी धम्मग्रंथातूनच देतो.

सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून केला, ही पारंपरिक कथा परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मान्य केली नाही. त्यांनी जे कारण दिले ते पाण्याचे आहे. रोहिणी नदीचे पाणी शाक्य आणि कोलिय दोघेही शेतीला घेत. ते आधी कोणी घ्यावे यावरून मारामारी झाली, माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, प्रथम चौकशी करा. आपल्या लोकांकडूनही आगळीक झाल्याचे कानी येते. दोन माणसे आपण निवडावी, दोन कोलियांनी निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. हा ठराव बहुमताने फेटाळला गेला. त्यातून उद्भवलेल्या संकटाची परिणती सिद्धार्थाच्या परिव्रज्येत झाली.

कोलिय आणि आपले वरळीचे कोळी यांचे नाते केवळ नावाच्या साम्यावरून जोडण्याचा मोह मी आवरतो. पुराव्यावाचून बोलणे आपल्याला शोभत नाही. मात्र सिद्धार्थाने संघापुढे जे मागितले, ते विसरू नका. पाणी ज्यांच्या पोटाचा आधार आहे, त्या सर्वांचे म्हणणे ऐकावे, सत्य काय ते तपासावे आणि मग निर्णय करावा, एवढेच त्याने मागितले होते.

आज कायद्याच्या भाषेत यालाच पर्यावरण आघात मूल्यांकन आणि जनसुनावणी असे म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. धरण, खाण, बंदर किंवा कारखाना उभारण्यापूर्वी त्यामुळे पाणी, हवा, जमीन आणि माणसांची उपजीविका यांचे काय होईल याचा अभ्यास करावयाचा, तो अहवाल लोकांपुढे ठेवावयाचा, त्यांचे म्हणणे ऐकावयाचे आणि त्यानंतरच परवानगी द्यावयाची की नाही हे ठरवावयाचे. अमेरिकेत या पद्धतीचा कायदा १ जानेवारी १९७० रोजी झाला. आपल्या देशाला जाग यावयास भोपाळ घडावे लागले. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूने हजारो गरिबांचा बळी घेतला, तेव्हा १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. जनसुनावणी खऱ्या अर्थाने बंधनकारक झाली ती १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने. १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली आणि पुढे वेळोवेळी दुरुस्त्या होऊन तीच चालत आली.

या २००६ च्या अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात एक वाक्य आहे. ते प्रथम वाचले तेव्हा मी थबकलो. सुनावणीची सूचना तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी; आणि जेथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तेथे ढोल वाजवून लोकांना कळवावे, असे तेथे लिहिले आहे. ढोल वाजवून, म्हणजे आपल्या भाषेत दवंडी पिटून! बंधूंनो, कित्येक गावी ही दवंडी कोण देत असे, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. हातात काठी घेऊन गावभर फिरणाऱ्या आमच्या आजोबांनी दुसऱ्यांचे हुकूम ओरडून सांगितले. सारा केव्हा भरावा, वेठीला कोणी यावे, साहेबाचा मुक्काम कोठे आहे, हे सारे त्यांनी गावाला ऐकविले. त्या चावडीवर त्यांना स्वतःला मात्र कोणी कधी विचारले नाही. आज तीच दवंडी कायद्याने असे सांगावयाची आहे की, या आणि बोला, तुमचे ऐकून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. हक्क लहान असेल. परंतु वतनाच्या दवंडीहून या दवंडीचा अर्थ अगदी निराळा आहे.

तथापि कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? दादरला पोर्तुगीज चर्चपाशी ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्या सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला आमचा हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब तेथे गेले तेव्हा. आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल हाती आला तो मार्च १९३७ मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली.

आता आपल्या दाराजवळच्या गोष्टीकडे वळतो.

येथून वरळी कोळीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्लीव्हलँड बंदरातून पहाटे होड्या निघतात. त्यांच्या मासळीवर आपल्या बी. डी. डी. चाळींतल्या कित्येक स्वयंपाकघरांची दुपार अवलंबून असते. या बंदराच्या समोरून किनारी रस्ता नेण्याचे ठरले. मरीन ड्राइव्हच्या प्रिन्सेस स्ट्रीट पुलापासून वरळीच्या सागरी सेतूपर्यंत सुमारे साडेदहा किलोमीटरचा हा मार्ग. त्यासाठी समुद्रात भराव घालावयाचा होता. भराव घालून रस्ता करण्यास किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत पूर्वी मुभा नव्हती. ३० डिसेंबर २०१५ रोजी अपवाद म्हणून ती मुभा देणारी दुरुस्ती झाली. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमनाखाली मंजुरी दिली आणि २०१८ च्या अखेरीस काम सुरू झाले. मात्र आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखालील मंजुरी या कामासाठी घेतलीच नव्हती. ती लागत नाही, असे महापालिकेचे म्हणणे होते.

कोळीवाड्यातील मच्छीमारांची सहकारी संस्था आणि पर्यावरणासाठी झटणारी मंडळी उच्च न्यायालयात गेली. १६ जुलै २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांनी किनारा नियमनाची मंजुरी रद्द केली. निर्णयाच्या प्रक्रियेत आणि शास्त्रीय अभ्यासात गंभीर उणिवा आहेत, २००६ च्या अधिसूचनेखालची मंजुरी घ्यावयास हवी होती आणि किनाऱ्यावरील प्रवाळांसाठी वन्यजीव कायद्याखालची परवानगीही हवी होती, असे त्यांनी ठरविले. कोळीवाड्याने त्या दिवशी आनंद केला असल्यास नवल नाही. पण १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालास स्थगिती दिली. रस्ता बांधा, त्याखेरीज भरावावर अन्य विकास करू नका, असा तो आदेश होता. काम पुन्हा सुरू झाले आणि ११ मार्च २०२४ रोजी रस्त्याच्या पहिल्या भागाचे उद्घाटनही झाले.

येथे मला प्रामाणिकपणे एक कबुली दिली पाहिजे. २००६ च्या अधिसूचनेखाली मंजुरी घेतली गेली असती, तरी जनसुनावणी झालीच असती असे म्हणता येत नाही. बांधकाम आणि क्षेत्रविकास या वर्गातील प्रकल्पांना त्याच अधिसूचनेने जनसुनावणीतून सूट दिली आहे. आणि उच्च न्यायालयातला वाद याच वर्गाभोवती फिरत होता. मेट्रो रेल्वेचे नाव तर अधिसूचनेच्या यादीतच नाही. कुलाब्याहून निघून गिरगाव, वरळी, दादर येथील जमिनीखालून जाणाऱ्या भुयारी मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळी हलल्या आणि तिच्याच कारशेडसाठी आरेच्या जंगलात, वारली आदिवासींच्या पाड्यांशेजारी, ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडे पडली. गिरगावचा भाडेकरू आणि आरेचा वारली एकमेकांना ओळखत नाहीत. पण या कायद्याच्या यादीत दोघांनाही जागा नाही.

मग कोळीवाड्याला काहीच मिळाले नाही काय? मिळाले, पण ते सुनावणीतून मिळाले नाही. बंदरातून खोल समुद्रात जाण्याच्या वाटेवर रस्त्याचा पूल येत होता. दोन खांबांत साठ मीटर अंतर पुरे, असे अभियंत्यांचे म्हणणे होते. कोळ्यांनी दोनशे मीटर मागितले. ओहोटीच्या ओढीत आणि वाऱ्यात होडी रेघ ओढल्यासारखी सरळ जात नाही, समोरून दुसरी होडी आली तर खांबावर आपटण्याचे भय असते, हे ज्ञान त्यांच्या हातापायांत आहे. अहवालात त्याला रकाना नव्हता. त्यांनी होड्या पाण्यात नेऊन काम अडवले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविल्या आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब काढून अंतर एकशेवीस मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. २०२४ साली तेथे कमानीचे प्रचंड लोखंडी तुळईपूल बसविले गेले. काम अर्ध्यावर आल्यानंतर आराखडा बदलला, खर्च वाढला, वर्षे गेली. हेच म्हणणे पहिल्या दिवशी ऐकून घेतले असते तर? प्रवाळांच्या अठरा वसाहती २०२० साली शास्त्रीय रीतीने उचलून दुसरीकडे नेल्या. ते योग्यच झाले. परंतु खडकांतून कालवे काढणाऱ्या बाईची तशी मोजदाद कोणत्या कायद्याने केली?

आपल्यापैकी कोणी विचारील की, हे कोळ्यांचे गाऱ्हाणे, आपला संबंध काय? त्यासाठी ज्या चाळीत आपण वाढलो तिच्याकडे पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील या चाळी ज्या खात्याने बांधल्या, त्या विकास खात्याची स्थापना गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली झाली. त्याच खात्याने बॅकबेचा समुद्र बुजविण्याचे कामही अंगावर घेतले होते. त्या कामाचे अंदाज कोसळले, खर्च फुगला, वीर नरिमन यांनी जाहीर टीका केली आणि १९२६ मध्ये मिअर्स चौकशी समिती बसली. पैसा समुद्रात गेल्यावर चौकशी झाली! तेव्हा समुद्रावर पोट भरणाऱ्याला कोणी विचारले नाही आणि चाळीत राहावयास येणाऱ्या गिरणी कामगारालाही, तुला किती मोठी खोली हवी, असे कोणी विचारले नाही. या चाळींच्या पुनर्विकासात आपल्याला आपले म्हणणे पटवून देण्यासाठी किती सभा, किती अर्ज करावे लागले, ते आठवा. कोळीवाड्याचे दुःख आपल्याला समजण्यासाठी याहून वेगळे भाषांतर लागत नाही.

दुसराही एक आक्षेप ऐकू येतो. बाबासाहेब तर धरणांचे आणि उद्योगांचे पुरस्कर्ते होते, मग प्रकल्पांना अडथळे आणणारी ही चौकशी कशाला? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला, ही गोष्ट सर्वस्वी खरी आहे. पण त्याच बाबासाहेबांनी त्यापूर्वी, जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. परळच्या चाळीत राहणारा तो तरुण प्राध्यापक समितीला काय सांगत होता? अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलून भागणार नाही, अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यच करू शकेल. हाच न्याय समुद्राच्या बाबतीत कोळ्याला आणि जंगलाच्या बाबतीत आदिवासीला लावला, तर बाबासाहेबांच्या विचाराशी विसंगत असे त्यात काय आहे?

जगात हे कोठे झाले आहे काय? झाले आहे. कॅनडाच्या उत्तरेस मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वायूची नळवाहिनी नेण्याचा बेत होता. १९७४ साली न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीवर नेमले. राजधानीत बसून अहवाल लिहिण्याऐवजी हा न्यायाधीश खोऱ्यातील पस्तीस वस्त्यांत स्वतः गेला. तेथील मूळ रहिवाशांनी आपापल्या भाषेत साक्षी दिल्या, शिकाऱ्याची आणि मच्छीमाराची जबानी तज्ज्ञाच्या जबानीइतकीच नोंदली गेली आणि रेडिओवरून ती त्यांच्या भाषांत प्रसृत झाली. १९७७ च्या अहवालात त्यांनी दहा वर्षे थांबा, आधी लोकांच्या जमिनीच्या हक्कांचा निकाल लावा, असे सांगितले. कॅनडाने २०१९ साली जो नवा मूल्यांकन कायदा केला, त्यात मूळ रहिवाशांचे ज्ञान विचारात घेण्याचे बंधन घातले आहे.

आपल्या देशातही एक उजळ उदाहरण आहे. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावयाची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डोंगर हा डोंगरिया कोंध आदिवासींच्या श्रद्धेचा आणि हक्काचा प्रश्न असल्यामुळे ग्रामसभांनी विचार करावा, असे ठरविले. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. हे बळ त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि अनुसूचित क्षेत्राच्या तरतुदींनी दिले. वरळीच्या सोनकोळ्यांजवळ ते नाही. महादेव कोळी, मल्हार कोळी अनुसूचित जमातींत आहेत, सोनकोळी नाहीत. आणि समुद्र हे काही वन नव्हे. मुंबईचा मूळ रहिवासी कायद्याच्या दोन्ही दारांबाहेर उभा राहतो. पालघरच्या वाढवण बंदराचे पाहा. तेथे जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी तरी झाली. मच्छीमार आणि आदिवासी मोठ्या संख्येने विरोध नोंदवून गेले. जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आली, ऑगस्टअखेर भूमिपूजन झाले. ऐकून घेतले, पण ऐकले नाही, असेच तेथील लोक म्हणणार.

हा तुटपुंजा हक्कही स्थिर नाही. मार्च २०२० मध्ये सरकारने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात तीस दिवसांची सूचना वीस दिवसांवर आणली होती. मसुद्यावर देशभरातून हरकती मागविल्या. पण तो इंग्रजी आणि हिंदीत! ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्या, असा आदेश केला. ज्याला वाचता येत नाही तो हरकत कशी घेणार, इतकी ही साधी गोष्ट आहे. एके काळी ज्ञान संस्कृतात बंद होते, म्हणून तथागतांनी लोकभाषेत उपदेश केला, असे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या वस्तीवर परिणाम करणारा अहवाल मराठीत मागावयास संकोच कसला?

आणि एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगतो. काम आधी करावे आणि पर्यावरणाची मंजुरी मागाहून मिळवावी, ही वहिवाट १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. बहुमतात सरन्यायाधीश भूषण गवई होते; न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी भिन्नमत नोंदविले. उभ्या इमारती, सार्वजनिक पैसा पाडून काय साधणार, असा बहुमताचा विचार होता आणि तो अगदीच टाकाऊ नाही. गवईसाहेब आपल्या समाजाचे भूषण आहेत. तरीही माझे मत भिन्नमताच्या बाजूचे आहे, हे मी येथे लपविणार नाही. केवळ पूज्य व्यक्ती सांगते म्हणून मानू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपल्या माणसांच्या बाबतीत स्थगित होत नाही. मंजुरी मागाहून मिळणार असेल तर सुनावणीला जाऊन कोणी बोलावयाचे तरी काय?

आता व्यवहाराचे. अधिसूचना सांगते ते असे. सुनावणीपूर्वी मूल्यांकनाच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरीत आणि महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेत पाहावयास ठेवला पाहिजे. त्याचा सारांश राज्यभाषेत हवा. हा अहवाल प्रकल्प करणाराच पैसे देऊन तयार करवितो, हे ध्यानात ठेवून वाचावा. सुनावणीस जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून कमी नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो. चित्रीकरण होते. गणसंख्येची अट नाही. म्हणजे आपण न गेलो तरी सुनावणी 'झाली' असे लिहिले जाते. ज्याला बोलता येत नाही त्याने लेखी द्यावे. आणि सभा संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगावे लागते. त्यानंतरच त्यावर सही होते. आपल्याकडे लोक भाषण करून जेवणाच्या वेळेला घरी निघून जातात आणि हे वाचन रिकाम्या खुर्च्यांपुढे होते. कोळीभगिनी मासळीच्या टोपल्या सांभाळून तेथवर थांबू शकत असतील, तर आपणही त्यांच्याशेजारी बसावयास हरकत नाही.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी चौथ्या परिशिष्टाचा मराठी तर्जुमा घेऊन येणार आहे. कोळीवाड्यातील काही मंडळींनाही बोलाविले आहे. ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आहेत, त्यांनी त्यांना सोबत आणावे. मोठ्याने वाचणारे कोणी तरी लागेल.